सहाव्या पोस्टची खांड

बोलता येत नाही म्हणून मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. जास्त बोलते म्हणून हाकललंय: दोनदा शाळेच्या स्टाफ मीटिंगमधून आणि एकदा सख्ख्या नणंदेच्या हळदीकुंकवातून. पण गेल्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर, "मॅडम, तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं" हे तोंडावर ऐकून घ्यावं लागलं. तेही अशा कामात, ज्यात तोंड उघडावंच लागत नाही. मी मोटारींच्या शर्यतीत झेंडा दाखवते. म्हणजे दाखवत होते.

मी राहते पेणला आणि रोह्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. या दोन गावांच्या मध्ये, हायवे सोडून खाडीच्या अंगाला वळलं की तो ट्रॅक लागतो. आधी तिथे बसायच्या पाटाएवढ्या गाड्या भाड्याने फिरवायला मिळायच्या. मग मालकाने बाजूची जागा घेतली, डांबर ओतलं, वळणं काढली आणि रविवारी खऱ्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतीला माणसं लागतात. मालक शाळेत आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, झेंड्याची कवायत येणारी माणसं द्या. बाहेरून आणायची माझी ऐपत नाही." तेव्हा त्याला माझं कम्युनिकेशन चाललं होतं.

माणसं मी जमवली. सहा वळणं, सहा पोस्ट. पोस्ट म्हणजे कडेला बांधलेला ओटा, आणि प्रत्येक ओट्यावर दोघं. धाटावच्या कंपनीतला एक फिटर आला. त्याला आग विझवायची बाटली चालवता येत होती आणि रात्रपाळी करूनही तो सकाळी ताजा असे. हमरापूरची गणपती रंगवणारी एक बाई आली. गणपतीचे दोन महिने सोडले तर तिने एक रविवार चुकवला नाही. ट्रॅकच्या कडेचे लाल-पांढरे पट्टे तिनेच रंगवले, आणि मूर्तीचे डोळे आखणाऱ्या हाताने ते अशा सरळ रेषेत आणले की बघणाऱ्याला मशीनचं काम वाटावं. असे आम्ही बारा जण झालो. गावात आम्हाला झेंडेवाले म्हणू लागले.

झेंडे शिकायला अर्धा दिवस पुरतो. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, हळू हो, कुणाच्या पुढे जाऊ नको. हिरवा म्हणजे मोकळं. निळा म्हणजे मागून जोरात येतोय त्याला वाट दे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबा, आणि तो शर्यत चालवणारे टॉवरवरून सांगतील तेव्हाच. झालं. यात इंग्रजी कुठे आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

सहाव्या पोस्टवर काका उभे राहायचे. काका म्हणजे खाडीकाठच्या गावातले, साठी पार केलेले, सगळं आयुष्य मिठागरात काढलेले. मिठागरातल्या पांढऱ्या उन्हात काम करून त्यांचे डोळे कायम बारीक झालेले. पण त्या बारीक डोळ्यांना डांबरावरचा ओलेपणा आमच्या आधी दिसायचा. "बाय, तिसऱ्याला पट्ट्याचा झेंडा लाव, तिथं तेल सांडलाय," असं ते वॉकीटॉकीवर सांगत, आणि आम्ही बघायला गेलो की खरंच तेल असे. सहावं वळण सगळ्यात वाईट. लांब सरळ रस्ता संपून गाडी तिथे एकदम वळते, आणि न वळली तर टायरच्या भिंतीत जाते. टायरच्या भिंतीपलीकडे खाजण, खाडीची दलदल. काकांनी ते वळण स्वतःहून मागून घेतलं होतं, कारण तिथून त्यांना त्यांचं गाव दिसायचं.

काकांनीच 'खांड' हा शब्द ट्रॅकवर आणला.

खारभूमीत न राहिलेल्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडची भातशेती समुद्राकडून उसनी घेतलेली आहे. खाडीचं पाणी बाहेर थोपवायला मातीचे बांध असतात. उधाणाला बांध कुठेतरी फुटतो. त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं भात विसरा. म्हणून ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने बोंब मारायची, "खांड गेली!" आणि ती ऐकली की घरटी एक माणूस धावणार. कुणी बोलवायला जात नाही, कुणी विचारत नाही, शेत कुणाचं ते बघत नाही. घरटी एक, कारण सगळेच धावले तर घरदार, गुरं, पोरं कोण बघणार? एक धावतो, एक मागे राहतो.

काकांनी एका रविवारी वॉकीटॉकीवर हीच आरोळी ठोकली. गाडी टायरच्या भिंतीतून आरपार गेली होती आणि भिंतीला भगदाड पडलं होतं. टॉवरने लाल झेंडा काढला, गाड्या थांबल्या. आणि गंमत बघा, कुणीही काही न ठरवता प्रत्येक पोस्टवरून एक जण सहाकडे धावला आणि एक झेंडा घेऊन जागेवर राहिला. टायर उचलले, रचले, दोर आवळले. आम्हा बाराजणांतले नऊ जण खारभूमीतले, म्हणून ते आपोआप घडलं. त्या दिवसापासून ती आमची पद्धत झाली. टॉवरच्या वहीतसुद्धा 'खांड, पोस्ट सहा' असंच लिहायचे.

मी त्या नऊ जणांतली नव्हे. आमच्या घराची खारभूमीत जमीन होती खरी, पण आम्ही पेणच्या आळीत राहणारे, मास्तर आणि कारकून लोक. खांड गेली की आमच्या घरचा 'एक' म्हणून आमची जमीन कसणारे काकांचे वडील उभे राहायचे. नाव आमचं लागायचं. माझ्या वडिलांनी बांधावर कधी पाय ठेवलेला मी पाहिला नाही. हे मी इथे लिहिते कारण पुढचा संताप सांगण्याआधी मलाही थोडी लाज वाटायला हवी.

तर मालकाच्या डोक्यात आलं की ट्रॅकवर देशातली सगळ्यात वरच्या दर्जाची शर्यत आणायची. त्यात वाईट काहीच नाही. आम्हीच त्याला सांगत होतो, इतकी वर्षं हौशी पोरांच्या गाड्या सांभाळल्या, आता मोठी शर्यत येऊ द्या. काकांनी तर धुऊन-इस्त्री करून एक पांढरा शर्ट वेगळा काढून ठेवला होता. "मोठी रेस आली का तवा घालीन," म्हणाले. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, त्या दिवशी सहाव्या पोस्टवर पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं. मानधन विचारलं नाही, फोटो मागितला नाही.

मोठी शर्यत हवी म्हणजे मोठ्या संघटनेची माणसं येऊन ट्रॅक तपासणार. त्यासाठी मालकाने पुण्याहून एक समन्वयक आणला. तो गुळगुळीत बोलायचा, आणि राग यावा असं एक वाक्य बोलत नसे, म्हणून जास्तच राग यायचा. पहिल्याच बैठकीत त्याने भिंतीवर चित्रं दाखवली आणि सांगितलं की वायरलेसवरचा सगळा संवाद इंग्रजीत हवा, म्हणून मार्शल, म्हणजे झेंडेवाले, पुण्याहून येतील. "तुम्ही सगळे लोकल सपोर्ट. पार्किंग, गेट, पाणी. खूप महत्त्वाचा रोल आहे."

मी विचारलं, "झेंडा इंग्रजीत कसा हलवतात ते दाखवा."

तो हसला. "मॅडम, स्टँडर्ड असतात. तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं."

काका मागे भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "सायेब, मना इंग्रजी येत नाय ता खरा. पन गाडी तरी कुठं बोलते?" सगळे हसले. समन्वयकही हसला, वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, आणि पुढचं चित्र लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी मालकाकडे बघितलं. हा माणूस माझ्या घरी तांदळाच्या भाकऱ्या खाऊन गेलेला, काकांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिलेला. तो मोबाइलमध्ये बोट फिरवत बसला होता. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य मेलाही नव्हता. त्याला पार्किंगमध्ये उभं केलं होतं.

मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. गेले नाही, कारण बाकीचे गेले नाहीत. हमरापूरची म्हणाली, "जाव दे गो मॅडम, तपासनीला आपल्याच ट्रॅकचा नाव खराब करायचा का?" आपल्याच ट्रॅकचं. हा एक शब्द आमच्या लोकांच्या तोंडून जाता जात नाही, आणि समोरच्याला तो फुकटात मिळतो.

तपासणीच्या दिवशी एक नमुना शर्यत ठेवली होती. संघटनेची दोन माणसं आली. एक जुना शर्यतपटू, एक हातात मोजायचं चाक घेतलेला. दोघेही भले वाटले. आम्हाला सगळ्यांना नारिंगी टी-शर्ट दिले होते. पुण्याच्या मार्शलांनाही तेच, फक्त पाठीवरची अक्षरं वेगळी. काका पार्किंगमध्ये, हातात काठी. पांढरा शर्ट त्यांनी आणला नव्हता. मी पाण्याच्या बाटल्यांपाशी.

पाचव्या की सहाव्या फेरीला एक निळी गाडी सहाव्या वळणावर वळलीच नाही. धडाम आवाज झाला, टायर उडाले. सहावरच्या पुण्याच्या पोराने पिवळा झेंडा बरोबर दाखवला, त्यात खोट काढणार नाही. वायरलेसवर इंग्रजीत बरोबर कळवलं. टॉवरने लाल झेंडे काढले, सगळ्या गाड्या थांबल्या. ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवत होता, त्याला काही लागलं नव्हतं.

आणि मग काहीच झालं नाही.

समन्वयकाच्या तक्त्यात भिंत दुरुस्त करणारी टोळी वेगळी होती, कारण मोठ्या ट्रॅकवर ती वेगळी असते. आमच्याकडे अशी टोळी कधी नव्हतीच. मार्शलच भिंत रचायचे. हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्याने कुणाला विचारलं नाही. म्हणजे सहा पोस्टवर बारा जण इंग्रजीत वाट बघत उभे, आणि भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड. टॉवरच्या गच्चीवर तपासणीवाले घड्याळाकडे बघताना मला खालून दिसत होते.

पार्किंगमधून आरोळी आली. वॉकीटॉकी नव्हता, काही नव्हतं, नुसता काकांचा गळा. "खांड गेली गो! सहाला खांड!"

गेटवरचा एक धावला, एक राहिला. पार्किंगमधले काका धावले, त्यांचा जोडीदार राहिला. फिटर कँटीनकडून धावला. पाण्यापाशी मी आणि हमरापूरची होतो. ती निघायला लागली तर मी तिला म्हटलं, तू थांब, आणि मी धावले. आमच्या घराण्यातली खांडीवर स्वतः धावलेली मी पहिली, हे मला सहाव्या वळणावर पोचून टायर उचलताना सुचलं. पुण्याची पोरं आधी बघत राहिली, मग त्यांतल्या दोघांनी आपणहून हात लावला. आम्ही भिंत उभी केली. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि आम्ही आपापल्या जागी परत गेलो. माझा गुडघा सोलपटला होता, त्यावर हमरापूरच्या बाईने बाटलीतलं पाणी ओतलं.

संध्याकाळी समारोप होता. आम्ही शेडच्या दाराशी उभे. तो जुना शर्यतपटू मनापासून बोलला. म्हणाला, एक शब्द ऐकू आला, आणि हुकूम नसताना प्रत्येक ठिकाणाहून बरोबर एकेक माणूस आला, एकेक मागे राहिला. अशी शिस्त मी फार कमी ठिकाणी पाहिली. कुठे शिकवलंत मार्शलांना?

टी-शर्ट सगळ्यांचे नारिंगी. गच्चीवरून पाठीची अक्षरं कोण वाचणार?

समन्वयक उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तो आमचा इंटर्नल कोड आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत घुसले आणि माझ्या पी.टी.च्या आवाजात, जमेल तशा हिंदीत सांगितलं की तो कोड नाही, शब्द आहे, आणि धावलेली माणसं मार्शल नाहीत, पार्किंगमधली आहेत, कारण त्यांना मार्शलच्या जागेवरून काढलंय. समन्वयकाने माझ्या खांद्याजवळ हात आणला, लावला नाही, आणि म्हणाला, "मॅडम आमच्या लोकल सपोर्टच्या हेड. खूप पॅशनेट आहेत." टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. पाहुण्यांनी मला नमस्कार केला आणि उशीर होतोय म्हणून ते गाडीत बसले. मालक त्यांच्यामागे छत्री घेऊन गेला. पाऊस नव्हता.

शर्यत मिळाली. दोन-चार अटींवर, पण मिळाली. पेणच्या नाक्यावर बोर्ड लागला, रोह्याला स्टेशनबाहेर लागला. मग एक दिवस फिटरने मला ट्रॅकची नवी नियमावली आणून दाखवली. चकचकीत कागद. आत एका पानावर मोठ्या अक्षरांत 'खांड', इंग्रजी स्पेलिंगमध्ये. पाच अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला एकेक इंग्रजी शब्द चिकटवलेला. के म्हणजे कीप, एच म्हणजे हेल्प. पुढचं मी वाचलं नाही. ज्या शब्दाने कित्येक पिढ्यांनी भात वाचवलं, त्याचा फुल फॉर्म काढला होता. शब्दाला आत जागा मिळाली होती. तो शब्द आणणाऱ्या माणसाला गेटबाहेरच्या पार्किंगचा पास दिला होता.

पण पुण्याच्या पोरांना तो शब्द म्हणता येईना. ती 'खंड' म्हणत, 'कांड' म्हणत. म्हणून समन्वयक काकांच्या घरी गेला. मला बरोबर नेलं, ओळखीची म्हणून. मी गेले, कारण मला वाटलं, आता तरी हा माणूस काकांना सहाव्या पोस्टवर बोलावणार. काका ओटीवर जाळं शिवत बसले होते. समन्वयकाने मोबाइल पुढे केला.

"काका, एकदा जोरात ओरडून द्या. आम्ही रेकॉर्ड करतो. सगळ्या पोस्टच्या स्पीकरवर बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल."

काकांनी जाळं खाली ठेवलं. "आता? इथं?"

"हो, एकदाच."

"खांड गेली नाय आन् बोंब मारू?"

"फक्त रेकॉर्डिंगसाठी, काका."

"आमच्यात खोटी आरोली देत नाय," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "एकदा खोटी दिली का दुसऱ्यांदा गाव धावत नाय. माझ्या बापाने मना एकदाच मारला, ता याच्यावरून. आरोली पायजे ना? मंग मी येतो की सहाला. आवाज एकटा नाय येत, सायेब. त्याच्यासंगती मानूस येतो."

समन्वयक म्हणाला, त्या बाबतीत बघू. बघू म्हणजे नाही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. जाताना त्याने काकूंच्या हातच्या चहाचं कौतुक केलं.

मी तशीच मालकाकडे गेले. ऑफिसात तो एकटाच होता. मी बसले नाही. म्हटलं, "शर्यतीच्या दिवशी सहाला खांड गेली तर कोण धावणार? तक्त्यातली टोळी? स्पीकर?"

त्याने माझ्याकडे बघितलं, बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा. आणि अगदी सहज, घरातल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "तुम्ही आहातच की, मॅडम."

मी आजवर पुष्कळ अपमान पचवले आहेत, आणि जे पचले नाहीत ते परत केले आहेत. या वाक्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. शिवी असती तर उलटून दिली असती. त्याला आमची खात्री होती. बाराजणांना बाजूला काढून, त्यांचा शब्द छापून, वर हा माणूस निर्धास्त झोपत होता, कारण आम्ही कसे आहोत ते त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकांकडे गेले आणि ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ते हसतील, जाऊ दे म्हणतील. त्यांनी जाळं बाजूला फेकलं. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाय," ते म्हणाले, "त्याला ठावं हाय आपन धावनार. म्हनूनच तर तो आपल्याला घेत नाय."

काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग काकांनी जाळं परत मांडीवर ओढलं, सुटलेला दोरा शोधला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कंच्या आयतवारी हाय ती रेस?"